डोलोरेसचं पिस्तूल आणि एकोणतीसचा पाढा

अर्लने पिस्तूल माझ्या बेंचवर ठेवलं आणि बोट रोखून म्हणाला, "मॅडी, याला तेल द्यायचं, पुसायचं, डब्यात ठेवायचं. क्रॅक हा शब्द तोंडातून काढलास तर शनिवारनंतर येऊ नकोस."

अर्ल म्हणजे माझा बॉस. माणूस इतका रुंद की दुकानाच्या दारातून दोन हप्त्यांत आत यायचा. दुकान पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात होतं. गावात चर्च चार, ट्रॅफिक सिग्नल एक आणि बंदुका माणशी सहा. मी तिथे गनस्मिथ होतो, म्हणजे बंदुकांचा दुरुस्तीवाला. सांगलीला मेकॅनिकल डिप्लोमा केलेला माणूस इथवर कसा पोचला ते विचारू नका. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आलेला मराठी माणूस एकतर इंजिनियर व्हायचा, नाहीतर डॉक्टर, नाहीतर त्याच्याबद्दल न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या मराठी मंडळींत, हळू आवाजात बोललं जायचं. मी तिसऱ्या गटातला.

क्रॅक शब्दावर बंदी यायला कारण होतं. महिन्यापूर्वी मी भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, एका रायफलच्या नळीवर बोट ठेवून ओरडलो होतो, "क्रॅक! ही उडवाल तर मराल!" अर्लने भिंग आणलं. मग अंगठ्याने ती क्रॅक पुसली. ती माझ्याच मिशीचा केस निघाली. गिऱ्हाईक इतकं हसलं की त्याची कवळी काउंटरवर पडली.

आता हे पिस्तूल. ते सरप्लस होतं. सरप्लस म्हणजे कुठल्यातरी सैन्याने वापरून, कंटाळून, पेट्या भरभरून विकून टाकलेला माल. कुठल्या युरोपी देशाचं होतं ते देशालाही आठवत नसावं. पण दिसायला असं चकचकीत काळं, की चेहरा बघून भांग पाडावा. आणि तिथेच मला शंका आली. चाळीस वर्षांचा सैनिक नवरदेवासारखा दिसतो, तेव्हा कुणीतरी मेकअप केलेला असतो. जुन्या पोलादाला नवा काळा रंग चढवणं ही या धंद्यातली स्नो-पावडर. खालचे सुरकुत्या-डाग दिसत नाहीत.

मी ते उघडलं. पहिला दोष लगेच सापडला. तीन भागांवर तीन वेगळे नंबर. म्हणजे तीन मेलेल्या पिस्तुलांतून हे एक जिवंत केलेलं. दुसरा, आतली स्प्रिंग बॉलपेनमधून काढल्यासारखी. हे दोन्ही मी गुपचूप दुरुस्त केले असते. पण मग मी स्लाइड हातात घेतली. स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा जड भाग. प्रत्येक गोळीला तो मागे धावतो आणि नेम धरणाऱ्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबतो. थांबला तर. चिरलेला असेल तर मागचा अर्धा थांबत नाही, तसाच पुढे नाकाकडे प्रवास करतो.

मी स्लाइड दोऱ्याला टांगली आणि बोटाच्या पेराने टकटक केलं. माठ घेताना आपण करतो ना, तसंच. चांगलं पोलाद टण्ण वाजतं. हे वाजलं भद्द.

भिंगातून पाहिलं, काही नाही. पुन्हा वाजवलं. भद्द.

आता प्रश्न असा की पिस्तूल अर्लसाठी नव्हतंच. ते डोलोरेससाठी होतं. डोलोरेस त्याची बायको. वय एकसष्ट, उंची पाच फूट, आणि नेम असा की उडत्या माशीला आधी विचारावं, उजवा पंख पाडू की डावा. शनिवारी दुपारी क्लबची मॅच होती आणि अर्ल तिला हे सरप्राइज देणार होता. अख्ख्या गावात माझं नाव 'मधुकर' असं सरळ उच्चारणारी ती एकटीच. मी अंडं खात नाही म्हणून माझ्यासाठी वेगळा ॲपल-पाय भाजायची. अशा बाईचं नाक फुटू देणं शक्य नव्हतं.

"अर्ल, एक सांगू?"

"तो शब्द आहे का त्यात?"

"शब्द नाही, आवाज आहे. माठासारखा..."

"मॅडी, तेल."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती दसऱ्याच्या तयारीत होती. अमेरिकेत आपले सगळे सण शनिवारीच येतात, तसा दसराही त्याच शनिवारी येणार होता. ती म्हणाली, "तुमचं तो ऐकत नाही ना? मग देवाचं ऐकेल. शस्त्रपूजा करा म्हणावं." आणि रांगोळीचा डबा शोधायला लागली.

रांगोळीचा डबा! मी तिथेच तिला नमस्कार केला. सांगलीच्या वर्कशॉपमध्ये आमचे सर एक जुनी युक्ती शिकवायचे. शंका असलेला भाग रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा. मग कोरडा ठाक पुसायचा आणि वर पांढरी भुकटी फासायची. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. मी रांगोळी धोतराच्या तुकड्यातून वस्त्रगाळ केली आणि बाटलीत भरली. तेल द्यायचा हुकूम होताच. कसलं तेल ते अर्लने सांगितलं नव्हतं. स्लाइड शुक्रवारभर रॉकेलात मुरली.

शनिवारी सकाळी दुकानात चौघेजण. अर्ल, सरप्राइज घ्यायला बोलावलेली डोलोरेस, मी, आणि आमच्याकडे दसऱ्याला आलेले पार्सिपनीचे डॉक्टर सबनीस. त्यांना मी काका म्हणायचो. 'जरा दुकान बघू' म्हणून ते सोबत आले होते.

मी म्हणालो, "अर्ल, आज आमच्याकडे शस्त्रांची पूजा. आशीर्वादाशिवाय नवं शस्त्र चालवत नाहीत. पाच मिनिटं लागतील."

अर्लने टोपी काढली. देवाचं नाव निघालं की तो शाळकरी व्हायचा. डोलोरेस म्हणाली, "किती गोड! कर ना, मधुकर."

मी स्लाइड पुसली, रांगोळी रबिंग अल्कोहोलमध्ये, म्हणजे जखमेवरच्या स्पिरिटमध्ये, कालवून ब्रशने लावली. अल्कोहोल उडून गेलं, पांढरा थर राहिला. आता रेघ उमटायला वेळ हवा होता आणि मला मंत्र येत नव्हता. एकही नाही. मुंजीत भटजींनी सांगितलेलं मी त्याच संध्याकाळी विसरलो होतो. पाठ म्हणावं असं डोक्यात एकच होतं. मी डोळे मिटले आणि घनगंभीर चालीत सुरू केलं,

"एकोणतीस एके एकोणतीऽऽस... एकोणतीस दुणे अठ्ठावन्नऽऽ... एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशीऽऽ... एकोणतीस चोक सोळोदरसेऽऽ..."

अर्ल कुजबुजला, "डॉक, हे काय म्हणतोय?"

सबनीस काका हात जोडून उभे होते. चेहरा दगडासारखा. "फार प्राचीन आहे. आमच्याकडे प्रत्येक मुलाला यातून जावं लागतं. काहींना छड्याही पडतात."

"ओ माय," डोलोरेस म्हणाली.

सहापर्यंत पोचलो आणि अडकलो. सातला मी लहानपणापासून अडकतो. 'एकोणतीस सत्ते' म्हणून पुढचं नुसतं हुंकारात गिळलं. शेजारून काका ओठ न हलवता मराठीत पुटपुटले, "मध्या, सत्ते खाल्लंस. आणि घाई कर, मला हसू आवरत नाही."

दहापर्यंत गेलो, पुन्हा पहिल्यापासून आलो. रेघ नाही. तिसऱ्या फेरीत घामाने माझी मिशी ओली झाली. आज पूजा फुकट गेली तर मॅच याच पिस्तुलाने होणार, आणि रेघ नसताना मी ओरडलो तर दुसरी मिशी ठरणार.

मग डोलोरेस वाकली. "अर्ल, हे काय येतंय?"

पांढऱ्यावर, रिकामं काडतूस बाहेर पडायच्या खिडकीसारख्या कापाच्या कोपऱ्यापासून खाली, एक बारीक काळी रेघ सरकत होती. मी तोंड मिटून उभा राहिलो. तो शब्द मी उच्चारला नाही. कुणी म्हणेल तर शपथेवर सांगेन.

अर्लने अंगठ्याने रेघ पुसली. ती दोन मिनिटांत पुन्हा आली. त्याने पुन्हा पुसली. पुन्हा आली. डोलोरेसने त्याच्या हातातून स्लाइड घेतली, बेंचच्या व्हाइसमध्ये, म्हणजे पकडीत, आवळली आणि हातोडीचा एक ठोका दिला. जोरात नाही, अंडं फोडतात तसा. स्लाइडचे दोन तुकडे झाले. मागचा तुकडा टणकन जमिनीवर पडला आणि घरंगळत अर्लच्या बुटाशी जाऊन थांबला.

अर्लने तो तुकडा उचलला, डोलोरेसच्या नाकाकडे पाहिलं, पुन्हा तुकड्याकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसला. खुर्चीही घाबरून करकरली.

डोलोरेसने दुपारची मॅच तिच्या जुन्या पिस्तुलाने जिंकली. मी सगळ्यांना सोनं म्हणून मेपलची पानं वाटली. अर्लने त्याचं पान पाकिटात ठेवलं.

सोमवारी मी प्रामाणिकपणे सगळं उलगडून सांगितलं. रॉकेल, रांगोळी, सांगली.

अर्ल म्हणाला, "पावडर? मॅडी, गोळ्यांत भरायची पावडर माझ्या दुकानात शेल्फभर आहे. तिने मला कधी काही दाखवलं नाही. काम केलं ते प्रार्थनेनं." तेव्हापासून दुकानात आलेलं एकही सरप्लस हत्यार प्रार्थनेशिवाय विकलं गेलं नाही. पुढे मी क्रॅक शोधायचं तयार लाल औषध विकत आणलं, तरी अर्ल टोपी काढून उभा राहायचा. मी दुकान सोडलं तेव्हा माझ्या जागी केंटकीचा एक गनस्मिथ आला. त्यालाही अर्लने माझ्याकडून पाढा पाठ करून घ्यायला लावला. तो 'सोळोदरसे' माझ्यापेक्षा छान म्हणायचा.

यातून धंद्याचं शिकण्यासारखं एवढंच की जुनं पिस्तूल जितकं चकचकीत, तितका रॉकेलचा डबा आधी उघडावा. आणि एकोणतीस सत्ते दोनशे तीन. आता पाठ आहे.