डग्ग्यासाठी संत्र्याची पेटी

१९५६च्या नोव्हेंबरात राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. मी नागपुरात एका दैनिकात उमेदवारी करीत होतो आणि सुटीच्या दिवशी पॅसेंजरने पांढुर्ण्याला घरी येत असे. त्या हिवाळ्यात आमच्या घरी चर्चा राज्यांची कमी आणि डग्ग्याची जास्त होती.

माझे काकाजी, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि संध्याकाळी तबला शिकवीत. त्यांचा सर्वांत तयारीचा शिष्य नागपुरात सरकारी कचेरीत कारकून होता. त्याचा उजवा हात त्यांना पसंत होता. डाव्या हाताबद्दल, म्हणजे डग्ग्याबद्दल, त्यांनी कधी चांगले म्हटले नव्हते. आता त्याला नागपूरच्या रेडिओवर एका रविवारी सकाळी दहा मिनिटे एकट्याने वाजवायचे होते. त्याने पत्रात लिहिले की, डावा हात सुधारला असेल तर सांगा, नसेल तर तेही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुढचा कार्यक्रम घेणार नाही.

काकाजींनी उत्तर पाठवले नाही. त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, पण आईला त्यांना जेवायला दोनदा बोलवावे लागे, त्यावरून तिच्या ध्यानात आले होते. बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नसत. मालगाडीची जड धडधड मात्र आमच्या आधी त्यांना कळायची. घरचा रेडिओ बॅटरीवर चालणारा आणि लहान होता. त्यात बातम्या स्वच्छ येत, तबल्याचा टणत्कारही येई, पण डग्ग्याचा घुमारा येतच नसे. न ऐकता शाबासकी लिहिणे काकाजींना मान्य नव्हते. ऐकू येत नाही असे लिहिणे त्याहून अवघड होते, कारण मग शिकवणीच बंद करावी लागली असती.

जवळच्या सौसर गावी एक रेडिओ दुरुस्त करणारे होते. आमच्या रेडिओच्या मागे दोन छिद्रे आहेत, त्यांत वेगळा मोठा स्पीकर जोडता येतो, हे त्यांनी वडिलांना सांगितले. नवा स्पीकर परवडण्यासारखा नव्हता. एका रविवारी काकाजी आणि मी सर्व्हिसच्या मोटारीने सौसरला गेलो. दुकानात दोन जुने स्पीकर होते. एक चकचकीत, कडक कागदाचा. दुसरा फिरत्या टॉकीजमधून आलेला, कडेला फाटलेला, चुंबक मात्र जड. काकाजींनी दोन्ही मांडीवर घेतले आणि कागदावर बोटाचे टोक हलकेच टेकवून दाबून पाहिले.

दुकानदार म्हणाले, "गुरुजी, तबला घेऊन राहिले का स्पीकर?"

"डग्गा घेऊन राहिलो," काकाजी म्हणाले. "कडक ताणला का तो बोलत नाही."

त्यांनी फाटका निवडला. दुकानदारांनी हसणे थांबवले आणि निवड बरोबर असल्याचे मान्य केले. ढिल्या कडेचा कागद जास्त हलतो आणि जड आवाज त्यातूनच निघतो, असे त्यांनी समजावले. फाटलेल्या जागी त्यांनी पातळ कागद खळीने चिकटवून दिला. पेटी जाड फळीची आणि मागून बंद असावी, आत थोडी रुई लावावी, असेही सांगितले.

जाड फळी नव्हती. संत्र्याच्या रिकाम्या पेट्या होत्या, म्हणून वडिलांनी त्यांच्या फळ्या दुहेरी ठोकल्या. रुईचे काम शेजारच्या एका गृहस्थांनी अंगावर घेतले. ते जिनिंग-प्रेसमध्ये कापसाच्या गठाणी बांधत. काम करता करता त्यांनी काकाजींना विचारले, "नागपूर तं आता परराज्य झालं. तिकडचा तबला इकडं आणाले नाक्यावर दाखला लागन ना?"

"तुले लागन," काकाजी म्हणाले. "तो वाजवणारा हाय."

पेटी जोडली, रेडिओ लावला, आणि आवाज पहिल्यापेक्षाही दबलेला निघाला. वडिलांनी मागची फळी काढली. शेजाऱ्यांनी सवयीप्रमाणे गुडघा लावून रुई ठासली होती. आत हात शिरायला जागा नव्हती. बाहेर काढलेल्या रुईत एक गादी झाली असती. ते थोडे ओशाळले, मग म्हणाले की ढिली गठाण त्यांनी जन्मात बांधली नाही. रुईचा पातळ थर फक्त भिंतींना लावला तेव्हा पेटी घुमू लागली.

तरी काकाजींचे समाधान होईना. पेटी बैठकीत खिडकीखाली ठेवली, मग कोपऱ्यात, मग स्टुलावर. ते समोर बसून मान हलवीत: नाही. कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी रेडिओवर तबल्याची साथ असलेले गाणे लागले होते. पेटी बैठकीच्या कोपऱ्यात जमिनीवर होती. आई आत स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिने तिथूनच आवाज दिला, आणि काकाजींसाठी पुन्हा, मोठ्याने.

"भाऊजी, तिकडं काय बसले? डग्गा इथं चुलीपाशी येऊन राहिला."

काकाजी उठून आत गेले. भांड्यांच्या फळीखालच्या कोपऱ्यात ते उभे राहिले, मग बसले. वरच्या ताटल्या घुमाऱ्याबरोबर किणकिणत होत्या. बैठकीत विरून जाणारा आवाज दार ओलांडून या कोपऱ्यात साठत होता. शेजाऱ्यांनी, वडिलांनी आणि मी आळीपाळीने तिथे बसून खात्री केली. आईने सगळ्यांना बाहेर काढले; भाकरी करपली होती.

पुढच्या रविवारी तिने चूल लवकर विझवली, ताटल्या उतरवून अंगणात ठेवल्या आणि कोपऱ्यात पाट मांडला. काकाजी डावा तळहात भिंतीला लावून बसले. शिष्याने सावकाश सुरुवात केली. काकाजींचा चेहरा हलला नाही. लय दुप्पट झाली तेव्हा त्यांनी मांडीवर चापट मारली.

"चुकला," ते म्हणाले. "वहिनी, डावा मागं पडला. मले ऐकू आलं."

शेजाऱ्यांना वाटले वाईट झाले, म्हणून ते सांत्वन करायला निघाले. आईने त्यांना हाताने थांबवले. काकाजी हसत होते. उरलेल्या मिनिटांत त्यांनी आणखी दोन चुका पकडल्या आणि एका जागी वा म्हटले.

पत्र त्याच दुपारी गेले. डावा हात सुधारला आहे, दुप्पट लयीत मागे पडतो, पुढचा कार्यक्रम जरूर घे, त्याआधी इकडे ये, असा मजकूर होता. शिष्य पुढच्याच रविवारी सकाळच्या गाडीने आला. काकाजींनी त्याला बैठकीत बसू दिले नाही. पाट कोपऱ्यातच होता. डग्गा चुलीजवळ मांडला गेला आणि दुपारपर्यंत तिथून हलला नाही. आईने अंगणात तीन विटा मांडून भात चढवला.