हमदुल्लाने थांबवला नाही तो सिनेमा

१९७५च्या सुमारास हर्णैचा हमदुल्ला दुबईतल्या एका उघड्या थिएटरात मशीन चालवायचा. एका संध्याकाळी कुस्तीच्या सिनेमाऐवजी डब्यातून चुकून इटालियन सिनेमा निघाला. दिग्दर्शकाने त्यात स्वतःचंच बालपण दाखवलं होतं.

कुस्ती नाही म्हटल्यावर लोक खवळले. खुर्च्या मोडल्या, बाटल्या फुटल्या. तिघे दार तोडून केबिनमध्ये घुसले.

“बंद कर. खलास,” त्यांच्यातला मुनीर गुरगुरला.

पडद्यावर जेवताना पोरावर चिडून बाप ताटं भिरकावत होता आणि आई हसू दाबत होती. हमदुल्लाची अम्मी अशीच हसायची. दोन महिन्यांपूर्वी ती गेली, तेव्हा मय्यतीला त्याला पोचता आलं नव्हतं.

“एवढं जेवण होऊ दे,” म्हणत तो मशीनला पाठ लावून उभा राहिला.

त्यांनी लोखंडी दांड्याने त्याचा हात मोडला, दात पाडले. तरी तो हलला नाही. उरलेली रिळं लोकांनी बाहेर नेऊन पेटवून दिली.

आठवड्याने मुनीर दवाखान्यात आला. हमदुल्लाच्या खाटेशेजारी बसला.

“त्या पोराचं पुढं काय झालं?” त्याने विचारलं.

हमदुल्लालाही ते ठाऊक नव्हतं. सुजल्या तोंडाने तो हर्णैतलं आपलं लहानपण सांगू लागला.