बोलून मागायचं

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरला जन्मभर गणिताचे मास्तर होते आणि त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. माझ्या वर्गात भलंमोठं ताट पडलं तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. देगलूर तालुक्यातल्या एका लहान गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. शिक्षक दोघंच. तिसरी-चौथी मुख्याध्यापकांकडं, पहिली-दुसरी माझ्याकडं, तीही एकाच खोलीत. पहिलीला 'क' गिरवून द्यावा तर दुसरी खिडकीत चढलेली. दुसरीला खाली उतरवावं तर पहिलीतला एक बहाद्दर माझ्या पर्समधली शेंगदाण्याची पुडी फोडून बसलेला. नाकी नऊ यायचे!

त्यात निम्म्या घरांत तेलुगू, काही घरांत कन्नड. पोरं शाळेत आली की मराठीला बिचकायची. मग बोलायचंच नाही, सरळ माझा पदर ओढायचा आणि खुणा करायच्या. अंगठा तोंडाला लावला की पाणी, करंगळी वर केली की बाहेर जायचंय, पोटावर हात ठेवला तर भूक लागली की पोट दुखतंय हे मी ओळखायचं. पालकांकडं गाऱ्हाणं न्यावं तर ते म्हणायचे, "मॅडम, हाडं आमची, कातडं तुमचं. चांगलं बदडून काढा." अरे बाबांनो, मला तुमच्या पोरांच्या कातड्याचं काय करायचंय!

शेवटी एका वर्षी शाळा उघडली तशी मी खुर्ची भिंतीला लावून टाकली आणि खोलीचे चार कोपरे केले. एका कोपऱ्यात गोष्टींची पुस्तकं, एकात अक्षरं गिरवायची ताटं, एकात गणिताचे खडे आणि एकात नुसत्या गप्पा. मी थाळी वाजवली की एका टोळीनं उठून पुढच्या कोपऱ्यात जायचं. ऐकायला झकास वाटतं ना? पहिल्या दिवशी मी गिरवायच्या ताटांत ज्वारीचं पीठ पसरून ठेवलं होतं. पोरींनी अक्षरं सोडली आणि पाणी घालून भाकरी थापल्या. मी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी नदीची वाळू आणली.

नियम पोरांनाच गोल बसवून ठरवायला लावले. हात वर गेला की तोंड बंद. रांगेत मध्ये घुसेल तो शेवटी जाईल. कुणाचा शब्द चुकला तर हसायचं नाही. आणि काही हवं असेल तर बोलून मागायचं. मराठीत माग, तेलुगूत माग, कन्नडमध्ये माग, चुकीचं माग, पण खूण चालणार नाही. कुणी कुणासाठी मागायचंही नाही, कारण धीट पोरं भित्र्यांचं सगळं बोलून टाकायची आणि भित्री कायमची मुकी राहायची. माठात सगळ्यांचे हात बुडायचे म्हणून रोज एकाला पाण्यावर नेमायचं. त्यानं लांब दांड्याचं ओगराळं घेऊन माठाशी उभं राहायचं आणि जो मागेल त्याला पाणी द्यायचं.

पोळ्यापर्यंत नुसता डोक्याला ताप होता. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. पण दसऱ्याच्या सुमाराला एक दिवस लक्षात आलं की मी पहिलीच्या पोरांना घेऊन बसलेय आणि बाकीचे तिन्ही कोपरे आपापले चाललेत. मला इतका आनंद झाला की मी आणि मुख्याध्यापकांनी शाळेसमोरच्या टपरीवर डबल चहा घेतला.

दिवाळी झाली आणि अण्णांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, हातही बराच सुधारला. बोलणं मात्र अडकलं. काय म्हणायचंय ते त्यांना ठाऊक असायचं, पण तोंडातून भलताच शब्द निघायचा. पाणी हवं असेल तर म्हणायचे 'चष्मा'. आईला हाक मारायला जायचे आणि म्हणायचे 'खडू'. भेटायला आलेला एक नातेवाईक हे ऐकून हसला. वाईट मनानं नव्हे, पण हसला. त्या दिवसापासून अण्णांनी तोंड मिटलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "कितीही वेळ लागू द्या, त्यांना बोलू द्या. गप्प बसले तर आहे तेवढंही जाईल." आणि आमचे अण्णा तर डोळ्यांदेखत गप्प होत चालले होते. मला भीती वाटायची ती हीच, की यांचा आवाज आता आपल्याला पुन्हा ऐकायला मिळणार नाही.

आई उठबस करून थकली होती म्हणून मी अण्णांना देगलूरला माझ्या घरी आणलं. नवरा नोकरीला नांदेडला, शनिवारी येतो. घरी एकटं ठेवायचं कसं? स्कूटीवर मागं बसवलं आणि शाळेत नेलं. मुख्याध्यापकांना भीत भीत विचारलं तर म्हणाले, "बसू द्या की. तुमची खुर्ची तशी बी मोकळीच असते."

अण्णा खुर्चीवर बसले आणि त्यांनी वर्गावरून एक नजर फिरवली. चिडीचूप! झटका आला तरी नजर जुनीच होती. पण ही शांतता प्रार्थना संपेपर्यंतच टिकली. थाळी वाजली, टोळ्या उठल्या, कोपऱ्यांत कलकलाट सुरू झाला आणि अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. 'ही शाळा आहे का आठवडी बाजार?' एवढं सगळं त्या बघण्यात होतं. त्यासाठी त्यांना शब्दांची गरज नव्हती.

घरी मात्र माझी प्रश्नांची सरबत्ती चालायची. त्यांनी नुसती मान वर केली की मी सुरू, "पाणी? चहा? पंखा लावू? कमी करू? उशी देऊ?" ते कशावर तरी मान हलवायचे आणि मी ते आणून द्यायची. दम धरणं माझ्या रक्तात नाही आणि ते रक्त त्यांचंच आहे, त्यामुळं तक्रार कुणाकडं करणार? मला वाटायचं, आपण सेवा करतोय.

एक दिवस गणिताच्या कोपऱ्यात दुसरीच्या पोरी खड्यांचे ढीग लावत पाढा म्हणत होत्या. "बे एके बे, बे दुणे चार..." तिथं कुणीतरी अडकलं. आणि खुर्चीतून आवाज आला, "बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे दहा!" खणखणीत, लातूरच्या वर्गातला. अण्णा थांबेचनात. दोनचा संपला, तीनचा संपला, मग त्यांनी दीडाची दिडकी सुरू केली, "बे दिडे तीन, तीन दिडे साडेचार, चार दिडे सहा..." पोरांनी असला पाढा जन्मात ऐकला नव्हता. सगळे कोपरे ओस पडले आणि खुर्चीभोवती गर्दी झाली.

मी धावतच गेले. "अण्णा, अण्णा, आता पाणी म्हणा! म्हणा, पा-णी!"

अण्णांचं तोंड मिटलं. पोरं माझ्यावर अशी तडकली की विचारू नका! "म्याडम, तुमी मधीच कशाला बोलल्या वो? आजोबा लई भारी म्हनून ऱ्हायले होते!"

डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, असं होतं, लहानपणापासून घोटलेलं पाठांतर टिकतं, आपण जुळवून बोलायचे शब्द अडतात. म्हणजे दीडाचा पाढा न चुकता म्हणणाऱ्या माणसाला घोटभर पाणी मागता येत नव्हतं. मला त्या रात्री हसू आणि रडू दोन्ही आलं.

त्यानंतर अण्णा खुर्ची सोडून सतरंजीवर येऊन बसायला लागले. 'दिडकीवाले आजोबा' असं त्यांचं नाव पडलं. एकानं विचारलं, "आजोबा, दीड म्हंजी एक भाकर आन वर अर्धी का?" अण्णांनी इतकी जोरात मान डोलावली की मलाच धडकी भरली. आठवड्याभरात पोरं सव्वाची सवायकीसुद्धा म्हणायला लागली. पण पाढ्यांपलीकडं अण्णांच्या तोंडून अक्षर निघेना. तहान लागली की ते माझ्याकडं बघायचे आणि मी माझी बाटली नेऊन द्यायची.

मग ऊन तापायला लागलं. एका दुपारी माझी बाटली घरीच राहिली. मी अक्षरांच्या कोपऱ्यात वाळूत 'झ' काढत बसले होते आणि अण्णा उठून माठाच्या रांगेत उभे राहिले. पाण्यावर होती दुसरीतली एक पोरगी. घरात तेलुगू बोलणारी. शाळा उघडली तेव्हा, खूण चालत नाही म्हणून, ही दिवसच्या दिवस तहानलेली राहायची पण तोंड उघडायची नाही. पुढं कधीतरी एकदा ती पुटपुटली, "नीळ्ळू". म्हणजे पाणी. तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. आणि आता ओगराळं हातात आलं की ही फौजदार!

अण्णांचा नंबर आला. त्यांनी अंगठा तोंडाला लावला.

"आजोबा, बोलून मागा," ती म्हणाली.

अण्णांनी पुन्हा अंगठा लावला, मग माठाकडं बोट केलं. पोरगी हलायला तयार नाही.

मी बसल्या जागेवरून ओरडले, "अगं, दे त्यांना! आजारी आहेत ते."

"म्याडम, कुनी कुनासाठी मागायचं न्हाई."

आग मस्तकात गेली माझ्या! नियम माझा, वर्ग माझा, बाप माझा, आणि ही टीचभर पोरगी मला शिकवते? मी तरातरा गेले आणि ओगराळ्याला हात घातला. तसा रांगेतून पहिलीचा एक चिमणा म्हणाला, "म्याडम, रांग." आणि त्या बयेनं ओगराळं पाठीमागं लपवून मला सांगितलं, "तुमी मधी घुसल्या. शेवटी उभं ऱ्हावा."

सगळा वर्ग बघत होता. तिथं नियम मोडला असता तर दसऱ्यापर्यंत केलेली सगळी मेहनत पाण्यात गेली असती. गेले मुकाट्यानं आणि उभी राहिले शेवटी.

अण्णांनी तोंड उघडलं. "च... चष्मा."

कुणी हसलं नाही. त्या खोलीत रोज उठून कुणाचा ना कुणाचा शब्द चुकतोच, त्यात हसण्यासारखं होतं काय? पोरीनं नुसती मान हलवली. "चष्मा न्हाई, आजोबा. दुसरं."

"खडू."

"न्हाई."

पाणी हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. मी तळहात तोंडावर दाबून धरला. अण्णांची मान लाल झाली. मला वाटलं, आता हे फिरणार, जाऊन खुर्चीत बसणार आणि पुन्हा कधी कुणापुढं तोंड उघडणार नाहीत. संपलं सगळं. माझ्या पुढचं पोरगं कंटाळून खाली बसलं. पोरगी मात्र तशीच उभी, घाई नाही की राग नाही.

"नी..." अण्णा म्हणाले. "नी... नीळ्ळू."

लातूरचे आमचे अण्णा! भाजीवाल्याचं मराठी दुरुस्त करून मग भाजी घेणारे! त्यांनी पाणी मागितलं ते तेलुगूत, रोज कानावर पडून शिकलेल्या शब्दानं. पोरीला त्याचं काहीच अप्रूप नव्हतं. तिनं पेला काठोकाठ भरला, "हं, घ्या," म्हणाली आणि पुढच्याला हाक मारली. मी मात्र रडायला लागले. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. आनंदच इतका झाला होता, काय करू!

अण्णा पाणी प्यायले, पेला ठेवला, मिशा पुसल्या आणि माझ्याकडं आले. मला वाटलं, माझ्या डोक्यावर हात ठेवतील. छे! ते माझ्या मागं येऊन रांगेत उभे राहिले. तहान कसली आलीय? मागता येतंय म्हटल्यावर त्यांना पुन्हा मागायचं होतं.

रांग सरकत सरकत माझा नंबर आला. पोरीनं पेला उचलला आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबली. मी काही म्हणायला गेले तर घशातून नुसता हुंदका.

"म्याडम, बोलून मागा."

मी मान हलवली.

माझ्या पाठीमागून, सावकाश पण अगदी स्पष्ट आवाज आला, "पाणी."

पोरीनं माझ्या खांद्यावरून पलीकडं बघितलं आणि डोळे वटारले. "आजोबा! कुनी कुनासाठी मागायचं न्हाई."

अण्णा हसत सुटले. पाणी काही मला मिळालं नाही.