बाथरूमची पायरी

सोमवार, सकाळ. हजर: आई, मी, गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलातल्या सिस्टर आणि त्यांचा कॉम्प्युटर.

खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला आज घरी न्यायचं होतं. सगळे रिपोर्ट तपासून कॉम्प्युटरने तिच्या नावापुढे हिरवा ठिपका दिला होता, म्हणजे सोडायला हरकत नाही. मी बॅगा भरून ठेवल्या होत्या.

सिस्टरांनी ठिपका पाहिला आणि आईला विचारलं, "आजी, घरी बाथरूमला पायरी आहे?"

"आहे की, चांगली उंच आहे."

त्यांनी पलंगाखालचं स्टूल पायाने पुढे ओढलं. "चढून दाखवा बरं."

आई चढायला गेली आणि त्यांच्याच खांद्यावर कलंडली. "यापेक्षा पांडवलेण्यांच्या पायऱ्या सोप्या गं बाई!"

तेवढ्यात सिस्टरांना हॉस्पिटलच्या ऑफिसचा फोन आला. ऑपरेशनच्या पॅकेजचे दिवस संपले होते, बेड हवा होता. आवाज न चढवता सिस्टर म्हणाल्या, "आज सोडलं आणि घरी पडल्या, तर परत इथेच येतील. तो खर्च कुठे धरणार? उद्या सोडते."

"म्हणजे कॉम्प्युटर चुकला," मी म्हटलं.

"नाही हो ताई, त्याला पायरीचं कोणी सांगितलंच नव्हतं." त्यांनी शेऱ्यात पायरी लिहिली आणि ठिपका पिवळा केला.

दिवसभर त्या येता-जाता आईला स्टुलावर चढवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही निघताना म्हणाल्या, "भिंतीला दांडी बसवून घ्या. तोवर आजी, पायरीशी थांबायचं आणि लेकीला हाक मारायची."

दांडी आणली आहे. मिस्त्री रोज उद्या म्हणतो. आईची हाक आली, उठते.