स्लॅबचं जेवण

माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. उगाच आडवळणं नकोत. दोन वर्षं ती भोरला माझ्या ऑफिसात होती, एसटी स्टँडमागच्या गल्लीत. नकाशे काढायची, साइटवर टेप धरायची, माझ्या मागून चालायची. मग तिनं वेल्ह्यात स्वतःची पाटी लावली. पेढे घेऊन पाया पडायला आली तेव्हा मी तोंडभरून आशीर्वाद दिला. तिचं एवढं चालेल असं तेव्हा वाटलं असतं, तर जरा हात राखून दिला असता.

आमच्याकडे घराचा स्लॅब म्हणजे घरातलं कार्यच असतं. सकाळी मिक्सरची पूजा, इंजिनिअरच्या हातून नारळ, टॉवेल-टोपी, आणि दुपारी सगळ्या कामगारांना मटणाचं जेवण. इंजिनिअरनं सकाळी यायचं, बांधलेल्या सळ्यांवर एक नजर फिरवायची आणि 'करा सुरू' म्हणायचं. तोवर मिक्सर गरगरायला लागलेला असतो, चुलीवर पातेलं चढलेलं असतं, पाहुणे आलेले असतात. अशा वेळी 'थांबा, चुकलंय' म्हणणारा इंजिनिअर या दोन तालुक्यांत मी तरी पाहिला नव्हता. मीही वीस वर्षांत कधी म्हणालो नव्हतो. दुपारची पहिली पंगत मात्र कधी चुकवली नव्हती.

ही बया आदल्या दिवशीच जायला लागली. एकेक सळई मोजायची, चुकलेलं पुन्हा बांधून घ्यायची, आणि स्लॅबच्या दिवशी गमबूट घालून शेवटचं घमेलं पडेपर्यंत वर उभी राहायची. जेवायला बोलावलं तर म्हणायची, "काम उरकलं की सगळ्यांबरोबर बसते." पानशेतकडे तर एकदा तिनं चक्क स्लॅब थांबवला. आदल्या दिवशी सांगूनही सळ्या बदलल्या नव्हत्या. मटण शिजलेलं, पाव्हणे जमलेले, मालक लालबुंद. मला कळलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. म्हटलं, आता हिचं दुकान बंद. झालं उलटंच. महिन्याभरात तोच मालक गावभर मिरवायला लागला, "आमचा सलाब म्याडमनी थांबिवला व्हता, आसलं पक्कं काम हाय आमचं!" पुढं माझ्याकडे आलेल्या एकानं मला तोंडावर विचारलं, "सायब, तुमी थांबिवता का न्हाई?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पानशेतचा एक हॉटेलवाला तिनं काढलेला नकाशा घेऊन माझ्याकडे आला. हॉटेलवर पुण्याच्या पाव्हण्यांसाठी खोल्या चढवायच्या होत्या. "म्याडमनी लोखंड लई घातलंय. तुमी जरा बगा की," म्हणाला. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. दुसऱ्या इंजिनिअरचं काम तपासायचं असेल तर आधी त्याला कळवायचं. तिचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. मी फोन केला नाही.

सबंध दुपार मी त्या कागदावर वाकून बसलो. आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं बघायचं वाकून, तसला प्रकार. चूक सापडावी म्हणून देवाला नवस बोलायचाच काय तो बाकी होता. चूक नव्हती. तर मग कागद बरोबर आहे, एवढंच सांगायचं होतं. मी चष्मा काढला, कपाळाला आठी घातली आणि म्हणालो, "जरा जास्तच वाटतंय."

तेवढं पुरलं. आठ दिवसांत ते काम माझ्याकडे आलं. मी नकाशा नव्यानं काढला. सळ्या जवळजवळ तेवढ्याच आल्या, कारण तिचा हिशेबच बरोबर होता. हॉटेलवाल्याला त्यातलं काही कळलं नाही. मी मात्र पंधरा दिवस शीळ घालत फिरत होतो. बायकोनं विचारलंसुद्धा, लॉटरी लागली की काय म्हणून.

आणि एका सकाळी तिचा फोन आला.

"सर, विंझरला एका घरी मला बोलावलं होतं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही केलेलं घर आहे. वरच्या गॅलरीला भिंतीच्या कडेनं चीर गेलीय. गॅलरीवर कुणी जायचं नाही एवढं सांगितलंय आणि खाली दोन लाकडी टेकू लावून घेतलेत. बाकी काही बोलले नाही. म्हटलं, आधी तुम्ही बघा."

माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली? ही पानशेतच्या हॉटेलचा सूड घेतेय. घरच्यांना काय काय सांगून आली असेल देव जाणे. मोटारसायकलवर नसरापूरपर्यंत मी तिला द्यायची उत्तरंच पाठ करत होतो.

विंझरच्या त्या घरात म्हातारे आजोबा अंगणातच भेटले. घर त्यांनीच बांधून घेतलेलं. "या सायब. म्याडम म्हनल्या, ज्यांनी काम केलंय त्यांनाच इचारा, आमचं सर लई जानकार हाइत. म्या म्हनलं, बरं."

मी वर गेलो. गॅलरीवर जाणारं दार दोरीनं बांधून घातलं होतं. घरातल्या सुनेनं आदल्या दिवशीपर्यंत तिथं कुरडया वाळत घातल्या होत्या आणि नातवंडं राखण करत बसली होती, असं आजोबांनी सांगितलं. दारात बसून मी छिन्नीनं चिरेजवळचं काँक्रीट थोडं फोडलं. अशी खांबाशिवाय बाहेर काढलेली गॅलरी तोलून धरतात त्या वरच्या अंगाच्या सळ्या. मला त्या वर सापडल्याच नाहीत. खोल, पार तळाशी गेल्या होत्या. काँक्रीट टाकताना माणसं सळ्यांवरून चालतात, त्या दबतात. म्हणून कुणीतरी उभं राहून त्या पुन्हा उचलून घ्यायच्या असतात. तो कुणीतरी म्हणजे मी. आणि मला स्वच्छ आठवलं. गॅलरीत काँक्रीट भरलं तेव्हा मी खाली, सावलीत, पहिल्या पंगतीला होतो. याच आजोबांनी आग्रह करून दुसऱ्यांदा वाढलं होतं.

खाली आलो. आजोबांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "मिस्त्रीनंच घाण केली आसंल. त्यो प्यायचा बी. तुमचा काय दोष, सायब?"

असं सुटकेचं दार आपोआप उघडून मिळणं नशिबात असावं लागतं. मिस्त्री गाव सोडून कधीच गेला होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, नाव शाबूत राहिलं असतं, आणि विंझरपासून वेल्ह्यापर्यंत कुणालाच काही कळलं नसतं. एकट्या तिला सोडून. खरं सांगतो, त्या घटकेला मला नातवंडांच्या आधी ती आठवली. तिच्यापुढे आणखी खाली उतरायचं नव्हतं, म्हणून माझ्या तोंडून खरं निघालं.

"चूक माझी आहे, आजोबा. त्या वेळी मी वर असायला हवं होतं. मी जेवत होतो."

त्यांनी तांब्या खाली ठेवला, वर गॅलरीकडे बघितलं. मग म्हणाले, "पोरं बसायची की वो तितं."

गॅलरी पाडून पुन्हा करावी लागेल, एवढं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "मंग आता काम म्याडमला देऊ?"

"द्या," म्हणालो. तो एक शब्द बोलताना आत किती आग लागली, ते माझं मलाच ठाऊक.

रस्त्यावर येऊन मी तिला फोन लावला. तिचं बरोबर आहे, गॅलरी पाडूनच पुन्हा करावी लागेल आणि काम तिनं करावं, असं सांगितलं. मग उरलेलंही बोलून टाकलं. "पानशेतच्या हॉटेलचं तुझं काम गेलं ना, ते माझ्यामुळे. तुझा नकाशा मी बघितला होता. तुला न कळवता. त्यात चूक काहीच नव्हती."

"माहीत आहे, सर," ती म्हणाली. "हॉटेलवाल्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं."

म्हणजे विंझरची चीर पाहिली, आमचे सर जाणकार आहेत म्हणाली, मला आधी फोन केला, ते सगळं हे माहीत असताना. मी माफीची एक-दोन वाक्यं जुळवायला लागलो, तर तिनं मध्येच थांबवलं.

"तो विषय वेगळा आहे, सर. लाकडी टेकूंवर भागणार नाही. लोखंडी आजच लावून घ्या, मी तासाभरात पोचते."

इतकी वर्षं मी तिच्या कामांवर जळलो, नावावर जळलो. त्या दुपारी विंझरच्या रस्त्यावर उभा राहून मी पहिल्यांदा खुद्द तिच्यावर जळलो, आणि मग लोखंडी टेकू शोधायला निघालो.