निकालाआधीची बोट

कार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचायच्या आधीच कळलं, कोणीतरी गेलं. मुंबईत, कॉलेजातल्या नोकरीवरून नुकताच आलो होतो, एक बूट पायात आणि एक हातात. 'ती. दाजी परवा पहाटे गेले. दोन दिवस ताप होता. कोणास त्रास दिला नाही.' खाली मथूचं नाव. मथू म्हणजे दाजींची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांत तिचं अक्षर मी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते हे असं... तसाच एका बुटावर खाटेवर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीची बोट धरून रत्नागिरीला गेलो, तेराव्यापर्यंत राहिलो. त्याला आता दीड-दोन महिने झाले. आषाढ लागलाय, बोटी बंद आहेत, आणि मला हे लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

दाजी मांडवीच्या बंदरावर बोटीच्या कचेरीत तिकिटं द्यायचे. गावात त्यांना सगळे दाजी खिडकीवाले म्हणत. अंगात काळा अल्पाकाचा कोट, कोपरावर ठिगळ, आणि स्वभाव असा की माणूस आधी शिवी खाणार, मग चहा पिणार. पण त्यांची खरी ख्याती वेगळीच होती. मुंबईची युनिव्हर्सिटी म्हणजे काय, तिथं कसं शिरायचं, काय शिकायचं, कुठं राहायचं, हे जिल्ह्यात कोणालाही विचारायचं झालं तर तो दाजींच्या खिडकीशी यायचा. आणि स्वतः दाजींनी कॉलेजची पायरी कधी चढलेली नव्हती. मॅट्रिक पास, तेवढ्यावर थांबलेले.

त्यांची रीत ठरलेली. खिडकीच्या चौकटीला खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीला एक लांबट बांधीव वही. कोणी काही विचारलं की डाव्या पानावर प्रश्न. उत्तर ठाऊक असलं तर उजव्या पानावर तिथल्या तिथं; नसलं तर उजवी बाजू कोरी. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजातली पोरं बोटीतून लहान पडावात आणि पडावातून बंदरावर उतरली की दाजी खिडकीतून ओरडायचे, "थांब मेल्या, घरी पळतोस कुठं? आधी एक सांगून जा." आणि ट्रंक डोक्यावर असतानाच त्या पोराची उलटतपासणी. उत्तर मिळालं की लिहायचं, आणि खाली ज्यानं सांगितलं त्याचं नाव. नावाशिवाय उत्तर घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "उद्या चुकलं तर कोणाच्या कानाला धरू?"

काय काय विचारायचे लोक! टोपी घालून वर्गात बसायचं की काढून? संस्कृत सोडून फारसी घेतली तर चालतं काय? एका विषयात गचकला तर सगळी परीक्षा परत, की तेवढाच विषय? टर्म भरणं म्हणजे काय, आणि मध्येच हिवतापानं महिनाभर पडलं तर ती बुडते काय? एकदा एका आंबेवाल्यानं विचारलं, "दाजीनू, बी.ए. झालेल्याला नक्की येतं काय?" दाजींनी तो प्रश्न मोठ्या निष्ठेनं वहीत घातला आणि दर दिवाळीला प्रत्येकाला विचारला. मला विचारला तेव्हा मी इंटरला होतो. मी हसलो. ते हसले नाहीत. ती उजवी बाजू शेवटपर्यंत कोरीच राहिली.

पण आमच्याकडचा मुख्य प्रश्न एकच. पुण्यामुंबईच्या पोराला तो कधी पडायचा नाही. मॅट्रिकचा निकाल लागतो जूनमध्ये, कॉलेजं उघडतात जूनमध्ये, आणि आमची शेवटची बोट सुटते मेअखेर. एकदा समुद्र खवळला की मग नारळी पौर्णिमेपर्यंत बंदर बंद. म्हणजे निकाल लागायच्या आधी मुंबईला जाऊन बसायचं, की निकाल हातात घेऊन पावसात आंबा घाट चढायचा? घाटानं कोल्हापूर, तिथून आगगाडी. दरड कोसळली तर चार-चार दिवस वाटेतच. तोवर वसतिगृहाच्या जागा गेलेल्या. बहुतेक बाप म्हणायचे, नापास झाला तर फुकट हसं, निकाल लागू दे. आणि तिथंच पोराचं वर्ष जायचं, कधी कधी जन्म.

दाजींचं उत्तर ठरलेलं होतं. "बोट निकालाची वाट बघत्ये काय? मग तू कशाला बघतोस?" मला त्यांनी असंच हाकललं. वडील वारलेले, आई हो-नाही करत होती. दाजी आमच्या पडवीत येऊन बसले आणि आईला म्हणाले, "वहिनी, नापास झाला तर मी स्वतः जाऊन कान धरून आणीन. पण पास झाला आणि इथंच राहिला, तर त्याला परत कोणी नेणार नाही." पडावाची वाट बघताना मला त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. तेही पास झाले होते. तेही निकालाची वाट बघत थांबले होते. निकाल आला तेव्हा बंदर बंद. वडील म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी ते खिडकीत बसले होते. एवढं सांगून म्हणाले, "जा आता. पडावात मधे बस, कडेला बसून ओकू नकोस."

मी गेलो. पास झालो. आज मी जो कोणी आहे तो त्या पडावामुळे आहे.

आता जे लिहायचं ते लिहितो. लेखणी अडते, पण लिहितो.

मथू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. पोरांच्या हायस्कुलात पोरांच्या बरोबरीनं शिकली, पहिल्या बाकावर खाली मान घालून. सतरा वर्षांची झाली तरी दाजींनी तिचं लग्न केलं नाही म्हणून गावात कुजबुज होती, दाजी म्हणायचे, "कुजबुजू देत शिंचे, त्यांच्या तोंडाला काही तिकीट लागत नाही." ती मॅट्रिकला बसली तेव्हा मी बी.ए.च्या वर्गात होतो. एप्रिलअखेर मला दाजींचं पत्र आलं. साऱ्या जिल्ह्याला उत्तरं देणारा माणूस मला प्रश्न विचारत होता. 'मुलांस मी बेधडक धाडतो. मुलीचे बाबतीत माझी छाती होत नाही. मुलींचे वसतिगृहात निकालाआधी घेतात काय, हे समक्ष चौकशी करून कळव. तू सांगशील तसे करीन.'

मी चौकशी केली. खोटं कशाला सांगू, त्याच दिवशी केली. वसतिगृहाच्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "दोन जागा आहेत. मुलगी मेअखेर समोर उभी राहिली तर एक तिची. निकाल मागून येऊ दे. मात्र मुंबईत पालक म्हणून कोणीतरी पाहिजे. दर रविवारी येऊन भेटणारा, सही करणारा. तुम्ही व्हाल ना?"

बस्स, तिथं माझं घोडं अडलं. माझं परीक्षेचं वर्ष. रविवार म्हणजे आमचा मित्रांचा कंपू. 'कोण रे ती, दर रविवारी कुठं जातोस रे,' ही थट्टा मला आधीच ऐकू यायला लागली. दुसरं काही कारण नव्हतं. असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं. मी दाजींना कार्ड टाकलं, 'निकाल लागल्यावरच पाठवावे. घाई करू नये.' आणि शेवटची बोट मथूशिवाय सुटली.

निकाल लागला. मथू पास, वरच्या नंबरात. त्याच आठवड्यात बापलेक घाटानं निघाले. वाटेत दोन दिवस दरडीपाशी अडकले आणि मुंबईला पोचले ते चिंब भिजून, ट्रंकेतल्या पुस्तकांसकट. मी त्यांच्याबरोबर वसतिगृहावर गेलो. दुसऱ्याच बाई तिथं बसल्या होत्या. म्हणाल्या, जागा भरल्या, पंधरा दिवस झाले. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छत्री झटकत होतो... दाजींच्या नातेवाइकांकडे दोन खोल्यांत आधीच नऊ माणसं. तिथं चार दिवस काढून झाले, पाचव्या दिवसाचं कोणी विचारेना.

परतायच्या दिवशी दाजी म्हणाले, "आलोच आहोत तर युनिव्हर्सिटी दाखव." वीस वर्षं ते लोकांना सांगत आले होते, घड्याळाचा मनोरा दिसेल, त्याच्या अंगानं आत जा, उजवीकडे वळ. आता रिपरिपत्या पावसात त्या मनोऱ्याखाली उभे राहिले, टोपी काढली, वर बघितलं. म्हणाले, "मी सांगत होतो तस्संच आहे हो." मथू माझ्याशी चार दिवसांत एक शब्द बोलली नव्हती. ती दाजींना म्हणाली, "दाजी, टोपी घाला, भिजताय."

पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. पुढचं वर्ष कसलं उजाडतंय! मार्गशीर्षात लांज्याकडच्या एका घरात तिचं लग्न झालं. माणसं वाईट नाहीत म्हणे. शेतभात, गुरंढोरं, मोठा कुटुंबकबिला. घरात छापील चीज म्हणजे भिंतीवरचं पंचांग. दाजींनी मला कधी एका अक्षरानं विचारलं नाही. खिडकी चालू ठेवली, वही चालू ठेवली, माझ्यामागून किती पोरं निकालाआधी धाडली. मीच त्यांना टाळत राहिलो. सुट्टीत गेलो तरी बंदरावर उतरलो की खाली मान घालून सटकायचो, आणि खिडकीतून मला कधी हाक आली नाही. मला वाटे, त्यांच्या लक्षातच नसेल. माणूस स्वतःला काय काय समजावतो!

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला पडवीत बसलो होतो. कचेरीतल्या शिपायानं दाजींची वही घरी आणून दिली होती. ती खुंटीवर लटकत होती. तेवढ्यात दाऊदभाई आले. हे पडावावरचे जुने तांडेल. मला, माझ्यासारख्या कितीतरी पोरांना त्यांनीच वल्हवत बोटीपर्यंत नेलेलं. अंगणातच उकिडवे बसले. म्हणाले, "मथूबाय, आमचा धाकटा मॅट्रिकला बसलाय. बोटी आता दोनच राहिल्यात. दाजी असते तर विचारायची गरज नव्हती... धाडू काय त्याला, की निकाल लागू दे?"

मथू आतून हात पुसत आली. वाळली होती, तिशीच्या आतच केस पिकायला लागले होते. तिनं खुंटीवरची वही काढली, न शोधता एक पान उघडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "ह्यांना विचारा दाऊदभाई. हे प्रोफेसर आहेत."

दाजींचं गोल, वळणदार अक्षर. डावीकडे, 'मुलीस निकालाआधी धाडावी काय?' उजवीकडे, 'निकाल लागल्यावरच. घाई करू नये.' खाली, 'चि. विनायक, बी.ए.चा वर्ग.' खोडलेलं नाही. शेरा नाही.

मी म्हणालो, "धाडा दाऊदभाई. पहिल्या मिळेल त्या बोटीनं धाडा. निकाल मागून येईल. मी तिथं आहे, माझ्याकडे उतरू दे."

दाऊदभाई दुवा देत उठले. ते अंगणाच्या बेड्यापलीकडे जाईपर्यंत मथू थांबली. मग म्हणाली, "विनायक, हे उत्तर तेव्हा ठाऊक नव्हतं काय रे तुला?"

नऊ वर्षं हा प्रश्न येईल म्हणून मी बंदर टाळत होतो. मी म्हणालो, "ठाऊक होतं. जागा होती, मथू. बाई देत होत्या."

ती आत गेली, पेन्सिल घेऊन आली. "लिही मग. त्याच पानावर. खाली नाव घाल, दाजी घालायला लावत तसं." मी लिहिलं. 'निकालाआधीच धाडावी. जागा असते. विनायक.'

वही माझ्याकडे देतेस काय, असं मी विचारलं. जपून ठेवीन म्हणालो. लाज वाटायला हवी होती विचारायची. मथूनं ती सुतळीसकट आपल्या लुगड्यांच्या गाठोड्यात बांधली. "नाही. मी नेत्ये लांज्याला," ती म्हणाली, "थोरली दुसरीत आहे माझी. तिला लागेल. म्हणजे मला कोणाला विचारायला नको."