मला स्पष्ट दिसलेला तीन

आपल्याला वैमानिक व्हायचंय, असं माझ्या मुलीने जाहीर केलं तेव्हा ती आपला चष्मा शोधत होती.

चष्मा तिच्या डोक्यावरच होता. "अगो केतकी, डोक्यार आसा तो," तिची आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आणि इमान खंय ठेवलंय, ता तरी गावतला मगे तुका?"

मोपेच्या पठारावर विमानतळ झाल्यापासून आमच्या कौलांवरून दिवसभर विमानं जातात. बाकीच्यांनी चार दिवस वर बघितलं आणि मग खाली बघून आपापली कामं सुरू केली. केतकीने मान खाली घातलीच नाही. बारावीला पदार्थविज्ञान घेतलं, गणितात उत्तम गुण आणले आणि आता हे! मला आनंद झाला, छाती फुगली, आणि लगेच फुगा फुटला. पाचवीपासून चष्मा लावणारी मुलगी विमान कशी चालवणार?

"बाबा, चष्मा चालतो. मी वाचलंय," ती म्हणाली.

"मोबाईलवर काय वाट्टेल ते लिहितात!" मी म्हणालो. "वैमानिकाची नजर घारीसारखी लागते. चष्मा लावलेली घार कधी बघितलीस?"

इथे माझी ओळख करून द्यायला हवी. पेडण्याच्या बाजारात माझं हार्डवेअर आणि रंगांचं दुकान आहे. पुढे खिळे, कड्या, पाइप आणि मागच्या भिंतीला जमिनीपासून छपरापर्यंत रंगांचे डबे. मला कधी चष्मा लागलेला नाही. पन्नाशी उलटली तरी समोरच्या गल्लीतल्या दुकानाची पाटी मी गल्ल्यावर बसून वाचतो. (गिऱ्हाईक नसताना वाचायला दुसरं असतंच काय!) त्यामुळे नजर म्हणजे काय आणि रंग म्हणजे काय, ह्या दोन विषयांत घरात माझा शब्द शेवटचा असे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी टोमॅटो आणले की बायको, सुलभा, म्हणायची, "हिरवे आणलात परत!" मी म्हणायचो, "रंगाबद्दल रंगवाल्याशी वाद घालू नये." ती टोमॅटो तांदळाच्या डब्यात पिकायला ठेवायची.

तर केतकीचा चष्मा घालवायची मोहीम मी हाती घेतली. गाजराचा रस सुरू झाला. तळपायांना तूप सुरू झालं. भल्या सकाळी दवात अनवाणी चालणं सुरू झालं. ते दोन दिवसांत बंद पडलं, कारण चष्म्याविना ती दवाऐवजी शेणात चालली. मग मी नवा उपाय काढला. हिरव्या रंगाकडे टक लावून बघितलं की डोळे थंड होतात, हे सगळ्या जगाला माहीत आहे. मी तिला ओसरीवर खुर्चीत बसवलं.

"समोर फाटकाकडे बघ. मीच रंगवलंय. गडद हिरवं!"

"बाबा, फाटक तांबडं आहे."

"चष्मा काढल्यावर तुला तसंच दिसणार! म्हणून तर बघायचं."

"पण मी चष्मा लावलाय."

मी सुलभाकडे बघितलं. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. ती रडतेय असं मला वाटलं. मुलीला आता रंगही दिसेनासे झाले! हे प्रकरण गाजराच्या हाताबाहेर गेलं होतं.

आमच्याकडे असं काही हाताबाहेर गेलं की देवाला कौल लावतात. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या फुलांचे कळे चिकटवायचे, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवा कळा पडला तर हो, डावा पडला तर नाही. लग्नं, घरं, जमिनी, सगळं ह्याच कचेरीतून मंजूर होतं. आमचे विठू गुरव म्हणजे खणखणीत आवाजाचा माणूस, पण विमानाची फाईल त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली होती.

"म्हाराजाक नेमका काय विचारूचा?" त्यांनी मला विचारलं.

"चष्मा जाईल का, एवढंच विचारा."

"बाबा, चष्म्याचं नका विचारू," केतकी कुजबुजली. "पायलट होईन का ते विचारा."

"आधी चष्मा, मग विमान," मी म्हणालो. शिस्त म्हणजे शिस्त!

गुरवांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराच्या डोळ्यार जो चष्मो बसलो आसा, तो जातलो तर उजवो कळो दी, नाय तर डावो दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

मूर्तीवर पिटकुळीच्या तांबड्या फुलांचे कळे, खाली तुळशीची रास. मी डोळ्यांची पापणी न हलवता बघत होतो. थोड्या वेळाने सगळं देऊळ एकदम हळहळलं.

"काय झालं?"

"डावो पडलो," गुरव म्हणाले.

"कुठे पडला? काही पडलं नाही!"

"अहो, ह्यो काय, तुळशीर!"

मी वाकून बघितलं. मला फक्त तुळस दिसत होती. सुलभाने कोपर मारलं, केतकीने बोट दाखवलं, शेवटी गुरवांनी कळा उचलून माझ्या तळहातावर ठेवला, तेव्हा कुठे तो मला दिसला. "धूप फार झालाय," मी म्हणालो. "डोळ्यांत गेला." खरं म्हणजे धूप अजून पेटवायचा होता.

देव नाही म्हणाला होता. घरी कोणी धड जेवलं नाही. केतकी एवढंच म्हणाली, "बाबा, मला एकदा डॉक्टरांकडे तरी नेऊन आणा. ते नाही म्हणाले तर मी बँकेच्या परीक्षा देईन." हे बोलताना तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्या क्षणी स्वतःचे दोन्ही डोळे काढून तिला द्यावेसे वाटले. (दिले नाहीत ते बरं झालं. ते पुढे येईलच.)

पणजीत वैमानिकांच्या तपासण्या करण्याचा अधिकार असलेले एक डॉक्टर होते. जायच्या दिवशी सकाळीच मी तिचा चष्मा काढून माझ्या खिशात ठेवला. "डोळ्यांना विसावा मिळेल. आणि डॉक्टरांना कशाला सांगायचं?"

"ते डोळेच तपासणार आहेत, बाबा."

"तू आत्मविश्वासाने बघ. निम्मं काम तिथेच होतं!"

ती हसली. तुमची हौस फिटू दे, अशा अर्थाचं ते हसणं होतं. आईचंच हसणं.

म्हापशाच्या स्टँडवर बस बदलायची होती. मी ठरवलं, इथे सराव करून घेऊ. "वाच तो बोर्ड!" मी म्हणालो. तिने डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि आत्मविश्वासाने म्हणाली, "पणजी!" मी इतका खूश झालो की स्वतः वर बघायचं विसरलो. आम्ही चढलो, जागा मिळाली, वारा लागला, मला झोप लागली. कंडक्टरने हलवलं तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "दोन पणजी!"

"पणजे? बाब, ही डिचोलेची बस. अस्नोडा इलां!"

सगळी बस आमच्याकडे बघायला लागली. एक बाई केतकीला म्हणाली, "कॉलेजात जाता मगे तू? बोर्ड वाचूक येणा नाय?"

"येता," केतकी म्हणाली, "पण बाबांनी चष्मा खिशात घातल्यार कसा वाचतलंय?" आता सगळी बस माझ्याकडे बघायला लागली.

अस्नोड्याला उतरून, उलट बस पकडून, घामाघूम होऊन आम्ही दवाखान्यात पोचलो. केतकीने दारातल्या वजनकाट्याला वाकून नमस्कार केला. डॉक्टर त्याच्या बाजूला उभे होते.

"चष्मा वापरते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! आमच्या घराण्यातच कोणाला नाही!" मी म्हणालो आणि नमस्कार करायला वाकलो. खिशातून चष्मा घसरून डॉक्टरांच्या बुटावर पडला.

"हा कोणाचा?"

"माझा!"

"मग लावा बघू."

मी लावला. खोली गरगरली, डॉक्टर दोन झाले, आणि दोघेही हसत होते. मी आधाराला जे धरलं ते पडद्याचं कापड निघालं. पडदा दांडीसकट खाली आला.

डॉक्टरांनी माझ्या नाकावरून चष्मा काढला आणि केतकीच्या हातात दिला. "घाल गं बाय. चष्मा लावून नीट दिसलं की झालं. विमान चालवताना एक जादा चष्मा जवळ ठेवायचा, एवढंच. हे कोणी सांगितलं नाही तुला?"

केतकीने माझ्याकडे बघितलं.

तिने चष्मा लावून भिंतीवरची अक्षरं अगदी खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. मला वाटलं, जिंकलो! पण डॉक्टर म्हणाले, "आता खरी परीक्षा. इथे मात्र चष्मा मदत करत नाही." त्यांनी एक पुस्तक उघडलं. पानभर रंगीत ठिपके, ठिपक्यांत आकडा.

"बारा," केतकी म्हणाली. मलाही बारा दिसला. मी मान डोलावली.

पान उलटलं. "आठ," केतकी म्हणाली.

तिथे तीन होता! मला स्पष्ट दिसत होता. मी डॉक्टरांच्या मागे उभा राहून तिला तीन बोटं दाखवली. तिने बघूनही न बघितल्यासारखं केलं. पुढचं पान. "एकोणतीस." सत्तर गं, सत्तर! मी सात बोटं दाखवली, मग हाताने शून्य काढलं. तिने मान फिरवली. पुढच्या पानावर नुसतेच ठिपके होते, आकडा नव्हताच. आणि ही म्हणते, "पंचेचाळीस!"

म्हणजे फाटकाचंच दुखणं! इतकी जवळ येऊन मुलगी माझ्या डोळ्यांदेखत बुडत होती. मला राहवलं नाही.

"डॉक्टर, थांबा! ती घाबरलीय हो. घरी सगळं नीट ओळखते. आज बसमध्ये गोंधळ झाला. तिला अजून एक संधी द्या. तो तीन होता, नंतर सत्तर, आणि त्या पानावर तर काहीच नाही!"

डॉक्टर सावकाश माझ्याकडे वळले. "तुम्हाला तीन दिसला?"

"स्पष्ट!"

"आणि सत्तर?"

"लख्ख! माझी नजर एकदम चांगली आहे."

"बाब, तुमचा धंदा काय?"

"रंगांचं दुकान," मी अभिमानाने म्हणालो.

डॉक्टरांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अगदी मऊ आवाजात सांगितलं की मुलीने एकूण एक पान बरोबर वाचलंय आणि मला तांबडा आणि हिरवा ह्यांतला फरक जन्मापासून दिसत नाही.

मला आधी हसू आलं. मग एकदम केतकीकडे लक्ष गेलं. "डॉक्टर, हे... हे तिच्यात उतरलं तर नाही ना?" विचारताना माझा आवाज केतकीच्या त्या दिवशीच्या आवाजाइतका बारीक झाला होता.

"मुलींमध्ये सहसा उतरत नाही. आणि हिची नजर ह्या बाबतीत स्वच्छ आहे. ही उडेल." मग पडलेल्या पडद्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही मात्र उडू नका."

मी तिथेच, त्या पडद्याच्या ढिगावर बसून रडलो. केतकी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि खदखदा हसत होती. दोन्ही एकाच वेळी करणं तिलाच जमतं.

घरी येऊन सगळं सांगितल्यावर सुलभाने तांदळाच्या डब्याकडे बघितलं. मग तिच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला.

"टोमॅटो!"

संसारातलं सगळ्यात जुनं भांडण त्या दिवशी मिटलं. मी हरलो. फाटक तांबडंच निघालं; ते मी लेबल निघालेल्या जुन्या डब्यातून रंगवलं होतं. गावातल्या अर्ध्या लोकांना हे माहीत होतं. मी हसवायला म्हणून हिरवं म्हणतो, असा त्यांचा समज होता. दुकान इतकी वर्षं डब्यांवरच्या नावांमुळे आणि नंबरांमुळे चाललं होतं. विठू गुरव तर भलतेच खूश झाले. "म्हाराजान काय सांगलेलो? चष्मो जावचो नाय! खोटा काय तेत? तुमी विचारलातच चुकीचा!"

पुढच्या सगळ्या पायऱ्याही तिने पार केल्या, आणि गेल्या महिन्यात केतकी विमान शिकायला निघाली. तिकडे जायचं तेही मोपेहून विमानानेच, अजून प्रवासी म्हणून. निघताना मला समजावून गेली, "बाबा, विमानाच्या डाव्या पंखाला लाल दिवा, उजव्याला हिरवा. काळोख पडल्यावर ते बघून कळतं, विमान येतंय की जातंय."

"अगदी आपल्या कौलासारखं," मी म्हणालो. "डावा, उजवा."

तिन्हीसांजेला मी आणि सुलभा पठाराच्या कडेला उभे होतो. लांब आकाशात दिवे लुकलुकले. मला गलबलून आलं. मी रुमाल काढला आणि दोन्ही हात वर करून हलवत ओरडायला लागलो, "जा गो बाय! सांभाळून जा! जेव वेळेवर!" आजूबाजूचे चारजण गहिवरून बघत होते. दिवे मोठे होत गेले, होत गेले, आणि विमान कानठळ्या बसवत आमच्या डोक्यावरून धावपट्टीकडे उतरलं.

"अहो," सुलभा म्हणाली, "ता दिल्लीसून इलां. चेडू आमचा, केतकी, मगाशीच गेला. तुमी तेव्हा पाठ करून रुमाल सोदत होतात."

घरी परतताना स्कूटर तिनेच चालवली. आमच्याकडे आता दोघी वाहनं चालवतात. मी मागे बसून टोमॅटोची पिशवी धरतो. टोमॅटो अर्थात तिने निवडलेले असतात.